ऐकायची राहिलेली बाजू

घरात कुणाला काही झालं, की आपण सगळे एक गोष्ट न चुकता करतो. सल्ला गोळा करायला निघतो. कुणाला ताप आला तरी दहा जणांना विचारतो, कुणाचं लग्न जमत नसलं तरी दहा जणांना विचारतो. ज्याला ताप आला आहे तो आत पांघरूण घेऊन पडलेला असतो आणि त्याला पाणी हवंय का, हे विचारायचं तेवढं राहून जातं. असंच एक विचारायचं राहून गेलं होतं, त्याची ही गोष्ट.

वादविवाद शिकवणारे एक मास्तर होते. शाळेतून निवृत्त झाले तरी दर शनिवारी बैठकीच्या खोलीत मुलं जमवून ते बोलायला शिकवत. त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमावरच त्यांचं नाव झालं होतं. आपल्याला जी बाजू पटत नाही, ती आधी मांडायची. तीही अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा याच बाजूचा. मगच स्वतःच्या मनातलं बोलायचं. दुसऱ्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता आलं, तरच आपल्याला तोंड उघडायचा हक्क, असं ते म्हणत.

घरातही हाच कायदा. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला लहानपणी मांजराचं पिल्लू हवं होतं. तेव्हा मांजर घरात का आणू नये यावर तिने आधी असं काही भाषण ठोकलं, की तिची आई हात झटकून उठली आणि म्हणाली, बरं झालं बाई, तुलाच पटलं ते. मास्तरांनी बायकोला पदराला धरून पुन्हा बसवलं. पोरीचं अजून संपलेलं नाही, म्हणाले. दुसरी बाजू ऐकल्यावर पिल्लू आलं आणि लेकीला नाव पडलं वकीलबाई.

वकीलबाई मोठी झाली. आता ती चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मितभाषी, भला माणूस. तिची आई आता या जगात नव्हती. पाचवा महिना लागला होता आणि मास्तरांनी शेजारीपाजारी सांगायलाही सुरुवात केली होती, तोच तपासणीत कळलं, की बाळाच्या डोक्याची कवटीच धरलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. बाळ पोटात वाढेल. जन्मल्यावर जगणार नाही. फार तर काही तास.

त्याच संध्याकाळी लेक बापाकडे आली. खुर्चीत ताठ बसली आणि बोलू लागली. बाळ वाचणार नाही हे नक्की आहे. उरलेले महिने पोटात वाढवायचं, तर तिच्याही जिवाला थोडा धोका आहे. कायद्याने गर्भपाताला दिलेली मुदत संपत आली आहे. नवरा घाबरून गेला आहे, त्याला बाळापेक्षा ती हवी आहे. शेवटी ती म्हणाली, "आणि बाबा, एखाद्या जिवाला नुसतं मरण्यासाठी जन्माला घालायचं, याला दया म्हणायचं का?"

एवढं बोलून ती पाणी प्यायला थांबली.

समोर स्वतःची लेक बसली होती. तरी जन्माची सवय जाते कुठे! लेकीने एक शब्द फुकट घालवला नाही, हे त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, पुढचं माझ्यावर सोड. तुझ्या मनावर पापाचं ओझं राहणार नाही, एवढं मी बघतो."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तर तोवर चपला शोधायला लागले होते. निघताना तिने दवाखान्यात पुढच्या गुरुवारची वेळ मिळाल्याचं सांगितलं.

मास्तर एका धर्माचे, त्यांची बायको दुसऱ्या, जावई तिसऱ्या. त्यामुळे लेक तिन्हींकडच्या देवांना थोडं थोडं भिणारी. एका ठिकाणी विचारून भागणार नव्हतं. शाळेच्या वार्षिक स्पर्धेला मास्तर वर्षानुवर्षं गावातले वेगवेगळे धर्मगुरू परीक्षक म्हणून बोलवत. त्यांचीच दारं ते आता एकेक करून ठोठावू लागले.

शास्त्रीबुवांनी त्यांना जवळ बसवून घेतलं. आपल्या ग्रंथांनी गर्भहत्येला महापातक म्हटलं आहे, हे त्यांनी लपवलं नाही. पण जुन्या वैद्यकात अडलेल्या बाळंतपणात आईला वाचवायला सांगितलं आहे, हेही सांगितलं. मग विचारलं, मुलीची प्रकृती कशी आहे? मास्तर म्हणाले, बरी असावी.

मौलवीसाहेबांनी सांगितलं, की गर्भात चार महिन्यांनी रूह, म्हणजे आत्मा, फुंकली जाते, असं आमच्याकडे मानतात. त्याआधी सबळ कारण असलं तर काही विद्वान मोकळीक देतात, काही तेव्हाही देत नाहीत. त्यानंतर मात्र बहुतेकांच्या मते आईचा जीव धोक्यात असेल तरच. बाळ जगणारच नसेल तर वेगळा विचार करणारेही थोडे आहेत. धोका किती आहे, मुलगी काय सांगते? मास्तरांना सांगता आलं नाही.

यहुदी धर्मगुरू बोलायला मोकळे. जन्मेपर्यंत बाळ हा पूर्ण माणूस धरला जात नाही, म्हणाले. आईच्या जिवाला धोका असेल तर आई आधी, यात आमच्यात दुमत नाही. त्यापुढे मात्र दोन माणसांची तीन मतं! आईच्या मनाची तडफड मोजायची का, यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भांडतो आहोत. मी स्वतः मोजतो. ती झोपते का हो रात्रीची? मास्तरांना तेही माहीत नव्हतं.

वृद्ध भिक्खूंनी हातातली माळ बाजूला ठेवली. जीव घेऊ नये हे आमचं पहिलंच शील, ते म्हणाले, आणि गर्भ राहतो तिथेच आम्ही जीव धरतो. पण कर्म तोलताना आम्ही मनातला हेतू पाहतो. राग आहे, लोभ आहे, की करुणा? तिच्या मनात काय आहे?

परत येताना मास्तरांचे पाय जड झाले होते. सगळे विद्वान, सगळे भले. पण एकाचं दुसऱ्याशी जुळेना, आणि एकेकाच्या घरातही एकमत नाही. ज्याला विचारावं, तो आपल्यालाच काहीतरी विचारतो! लेकीच्या मनावरचं ओझं उतरवायला ते निघाले होते आणि त्यांच्याच डोक्यावर चार ओझी चढली होती. रोज जावयाचा फोन येई. ती काही बोलत नाही, एवढंच तो सांगे. थकली असेल, मास्तर म्हणत.

बुधवारी दुपारी ते शेवटच्या दाराशी पोचले. फादर त्यांचे जुने मित्र, बुद्धिबळातले भिडू. तिथे जायचं त्यांनी मुद्दामच लांबवलं होतं, कारण तिथलं उत्तर त्यांना ठाऊक होतं.

फादरनी तेच सांगितलं. "गर्भ राहतो त्या क्षणापासून तो देवाने दिलेला जीव. तो जाणूनबुजून संपवणं माझ्या चर्चला मान्य नाही. आमच्याच धर्मातले दुसरे पंथ कुठे कुठे थोडं सैल धरतात. मी धरत नाही. तुम्ही मित्र आहात म्हणून मी शब्द बदलणार नाही, मास्तर."

मास्तर म्हणाले, त्यांची तशी अपेक्षाही नव्हती.

"आता मला सांगा, ती काय म्हणाली?"

मास्तरांनी लेकीचं सगळं बोलणं, ती पाणी प्यायला थांबली तिथपर्यंत, जसंच्या तसं म्हणून दाखवलं. कागदाशिवाय लक्षात ठेवायची त्यांची ख्याती होतीच. म्हणता म्हणता आवाजात थोडा अभिमानही आला. फादर डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आणि दुसरी बाजू?"

"कसली दुसरी?"

"मास्तर, तुमच्या स्पर्धेला मी इतकी वर्षं परीक्षक होतो. तुमचा नियम मला पाठ आहे. स्पर्धेत तुमची लेकही तशीच बोलायची, न पटणारी बाजू आधी. मग ती पाणी प्यायची, आणि मग स्वतःचं बोलायची. दर वेळी. त्या दिवशी पाणी प्यायल्यावर ती काय बोलली?"

मास्तर आठवू लागले. ती काहीच बोलली नव्हती. तिला बोलू दिलंच नव्हतं! तिच्या मनाविरुद्धची बाजू ऐकून ते उठले होते आणि तीच तिची इच्छा समजून गावभर परवानगी मागत फिरले होते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," फादर म्हणाले. पण हसले नाहीत. मास्तरांना पाणी देऊन ते शांतपणे बोलू लागले. एकाच वर्षात दोन बायका त्यांच्याकडे आल्या होत्या, दोघींवर असाच प्रसंग. दोघींना त्यांनी धर्म काय म्हणतो ते सांगितलं. एकीने बाळ जन्माला घातलं, दुसरीने नाही. "दुसरीने केलं ते मी योग्य म्हणत नाही, आजही म्हणणार नाही. पण ती रडत बसली तेव्हा मी तिच्या शेजारून उठलो नाही. धर्म सांगणं माझं काम आहे, मास्तर. पण सांगून उठून जाणं, हे कुठल्या धर्माने सांगितलंय? आधी तिला विचारा. कदाचित मला वाटतं तेच ती म्हणेल, कदाचित त्याच्या उलट. तुमच्या नियमावरून मी तर्क केला, इतकंच. तिच्या वतीने बोलायचा हक्क ना मला, ना तुम्हाला."

मास्तर दुकानात पोचले तेव्हा मागच्या खोलीत लेक एका आजीबाईंचा नंबर काढत होती. जड गोल चौकटीत एक भिंग घालायचं, एक काढायचं. हे बरं दिसतं की हे? हे, की आधीचं? आजीबाई प्रत्येक वेळी म्हणत, दोन्ही सारखीच गं. जाताना त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मुलगाच होईल बघ, असा आशीर्वाद दिला. लेक हसून थँक्यू म्हणाली.

दार लोटून मास्तर स्टुलावर बसले. समोर भिंतीवर उजळलेला अक्षरांचा तक्ता होता, बाकी अंधार.

"बाळ, मी त्या दिवशी अर्ध्यातून उठलो. तुझी दुसरी बाजू ऐकायची राहिली."

ती पेशंटच्या खुर्चीत बसली. हातातलं भिंग पुसत राहिली.

"आता काय उपयोग, बाबा? उद्याची वेळ घेतलीये. ह्यांनी रजा टाकलीये. तुम्ही सगळ्या धर्मांना विचारून आलात. मला वाटलं, सगळ्यांना हेच हवंय."

"मला माहीतच नाही तुला काय हवंय ते."

"मुद्दे नाहीत माझ्याकडे," ती म्हणाली. "पहिल्या बाजूला सगळे मुद्दे आहेत. ती बाजू खरी आहे. माझ्या जागी दुसरी कुणी तसं करेल, तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण मला त्याला एकदा मांडीवर घ्यायचंय, बाबा. तास तर तास. मला त्याचं वजन हाताला लागायला हवंय. बस, एवढंच. याला मुद्दा म्हणतात का?"

मास्तर या वेळी उठले नाहीत. आयुष्यभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं, की गप्प राहिला तो हरला.

"हे बरोबर आहे का, बाबा?"

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले आणि तिचा हात हातात घेऊन बसले. बाहेर दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्यांना उद्या या म्हणून सांगायला लागलं.

गुरुवारी ती दवाखान्यात गेली ती डॉक्टरीणबाईंना आपलं म्हणणं सांगायला. त्यांनी धोका पुन्हा नीट समजावला आणि लक्ष ठेवू म्हणाल्या. जावयाला हे पटायला जड गेलं. त्याचीही बाजू कुणी ऐकली नव्हती. ती मास्तरांनी बंद पडलेल्या एका लिफ्टसमोर, पायरीवर बसून ऐकली. तो म्हणाला, मला तिच्या जिवाची भीती वाटते, आणि ढसाढसा रडला.

पुढचे महिने काही सोपे नव्हते. गिऱ्हाइकं कौतुकाने विचारत, कितवा लागला, नाव काय ठेवणार? ती हसून वेळ मारून नेई. मास्तर रोज दुपारी दुकानात जाऊन बसत. करण्यासारखं काहीच नव्हतं. भिंगं पुसून द्यावीत, म्हटलं, तर त्यांच्या बोटांचे ठसे उठत आणि लेक म्हणे, बाबा, तुम्ही नुसते बसा. तेव्हा ते नुसते बसत.

बाळ आलं. मुलगी होती. नर्सने तिच्या डोक्याला मऊ टोपी घालून तिला आईच्या मांडीवर दिलं. खिडकीतलं ऊन पलंगावरून जमिनीवर उतरेपर्यंत ती होती. जावयाने घेतलं, मास्तरांनी घेतलं. एवढीशी बोटं, ती मास्तरांच्या करंगळीभोवती वळली होती, ती सुटली तेव्हा त्यांना कळलंही नाही. लेक ओरडली नाही. बाळाला छातीशी धरून एवढंच म्हणाली, "वजन आहे हो हिला."

फादर दारात उभे होते. त्यांनी काही समजावलं नाही. खुर्ची ओढली आणि बसले.

मास्तरांचा शनिवारचा वर्ग अजून चालतो आणि न पटणारी बाजू अजूनही आधी मांडली जाते. पण आता बोलणारा पाणी प्यायला थांबला, तर मास्तर जागचे हलत नाहीत. मुलांना ते सांगतात, अर्धं ऐकून उठणाऱ्याने काहीच ऐकलेलं नसतं.

नागरिकहो, गर्भ ठेवावा की न ठेवावा, यावर जगातले धर्म हजारो वर्षं विचार करत आले आहेत. त्यांची उत्तरं वेगळी आहेत, आणि प्रत्येक उत्तरामागे जिवाबद्दलची कळकळ आहे. ती उत्तरं जरूर ऐकावीत, ज्याला जी मानवतात त्याने ती मानावीत. पण तो प्रसंग जिच्यावर आला आहे, तिला वगळून धर्माची चर्चा करणं हा धर्म नव्हे. तिचं ठरणं आपल्या मनासारखं असो वा नसो, तिला विचारा, आणि तिचं बोलून होईपर्यंत बसा. तिचं दुःख आपल्याला दूर करता येणार नाही. मास्तरांनाही ते करता आलं नाही. त्यांच्या वाट्याला नुसतं बसणं आलं. आणि ते त्या गुरुवारच्या जेमतेम एक दिवस आधी आलं, एवढंच त्यांचं नशीब.