दीडशेच्या वर, दीडशेच्या खाली

उपासनाने बाबांचा बूट उलटा केला आणि तळाच्या खाचेतली माती सुरीच्या टोकाने कागदावर पाडली. काळसर, चिकट, बोटांत चोळली की मेणासारखी होणारी. तळ्याभोवतीची वाट डांबरी होती. तिथे बुटाला लागलंच असतं तर एखादं बदकाचं पीस.

“कुठे गेला होता बाबा आज?” तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

“तळ्यावर. दोन चकरा मारल्या,” राजाराम म्हणाले.

“रवींद्रबरोबर?”

“हो. चांगला पोरगा आहे थो.”

तिने कागदाची पुडी बांधली आणि चमच्यांच्या खणात मागे सरकवली.

तिचे सासरे नागपूरहून परदेशात, वेस्ट विंडसरला आले त्याला पाच महिने झाले होते. रवींद्र मागच्याच गल्लीत राहायचा. बाबा येण्याआधीच्या दोन वर्षांत त्याने टपालपेटीजवळ मान हलवण्यापलीकडे ओळख दाखवली नव्हती. आता मात्र दर शनिवारी सकाळी सात वाजता त्याची गाडी दारात. थर्मासात चहा, तोही बाबांना चालतो तसा, बिनसाखरेचा. एप्रिलच्या थंडीत त्याने बाबांना एक जाकीट दिलं होतं. मला होत नाही काका, म्हणाला. उपासनाने ते धुवायला काढलं तेव्हा बाहीत दुकानाच्या लेबलाचा प्लास्टिकचा दोरा तसाच होता.

ती धम्मदीपला काही बोलली नव्हती. नवरा कामासाठी आठवडाभर दुसऱ्या शहरात, नोव्हायला गेला होता, आणि फोनवर सांगायचं तरी काय? तुझ्या बाबांना कोणीतरी प्रेमाने वागवतंय म्हणून?

पण शेजारच्या निधीच्या वाढदिवसाला ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. शनिवारच्या क्रिकेट लीगवर सोसायटीतले लोक पैसे लावायचे. पहिल्या डावात दीडशेच्या वर की दीडशेच्या खाली, एवढाच प्रश्न. कुणीतरी रवींद्रला त्यावरून चिडवलं, तेव्हा तो शांतपणे केक खात म्हणाला होता, “बेटिंग नाही यार, इन्व्हेस्टमेंट. एका वेळी एक टक्का, त्याच्या वर नाही. भावना मधे आणायच्या नाहीत. ज्याच्याकडे माहिती जास्त, तो टिकतो.”

माहिती. एकतीस वर्षं बाबांनी नागपुरात खेळपट्ट्या तयार केल्या होत्या. पाणी किती, रोलर किती, गवत कुठवर, हे त्यांच्या तळहाताला कळायचं. आणि एकतीस वर्षांत नाणेफेकीआधी खेळपट्टी कशी आहे ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कॅप्टनला नाही, साहेबाला नाही. एकदा सामन्याच्या आदल्या संध्याकाळी एक माणूस रंगीत टीव्हीचा खोका घरात ठेवून गेला. बाबांनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि चार किलोमीटर ढकलत परत नेऊन दिला. सासूबाई, रत्नाबाई, पुढची चार वर्षं शेजारणीच्या दारात बसून टीव्ही बघत राहिल्या. धम्मदीप ही गोष्ट जेवताना सांगायचा, पाहुणे असले की हमखास. बापाकडून त्याला शेत आलं नव्हतं, घर आलं नव्हतं. हे आलं होतं.

तेच कोणी थर्मासभर चहात काढून नेत असेल तर?

पुढच्या शनिवारी फायनल होती. रवींद्रची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी उपासना निघाली. पुढे त्याची गाडी तळ्याकडे वळलीच नाही. पार्कच्या मागच्या फाटकाशी तिने गाडी लावली. मैदानावर अजून कोणी नव्हतं. गवतावर दव होतं आणि दवात दोन माणसांच्या पावलांच्या खुणा, शेजारी शेजारी. यंदा लीगवाल्यांनी चटई काढून मातीची खेळपट्टी केली होती. बाबा तिच्यावर उकिडवे बसले होते. त्यांनी खिशातून नागपूरच्या घराची चावी काढली, लांब दांड्याची, दातांची, आणि ती मातीत हळूच दाबली. कान जवळ नेला. ओठ हलत होते. ते काय म्हणत असतील ते तिला माहीत होतं. रत्नाबाई मैदानावर डबा घेऊन जायच्या तेव्हा त्यांनीच जुळवलेली ओवी:

सकाळची गं माती, ओठ मिटून निजली
उन्हं डोईवर येता, मग गुपित बोलली

रवींद्रने आपल्या गाडीची चावी काढून बघितली, काळा गुळगुळीत चपटा तुकडा.

“याले दातच नाहीत रे बाप्पा,” बाबांचं हसणं तिच्यापर्यंत आलं. त्यांनी स्वतःची चावी त्याच्या हातात दिली. तोही गुडघ्यांवर बसला. मग बाबा काही बोलले, आणि रवींद्रने फोन काढून लिहिलं.

बाबा हात धुवायला लांबच्या नळाकडे गेले, तेव्हा ती सरळ मैदानात शिरली.

“काय लिहिलंत?”

रवींद्र दचकला, पण फोन लपवला नाही. “वहिनी. काका म्हणाले, दोनशेची विकेट आहे. वर जाणार.”

“म्हणजे सांगतात ते तुम्हाला.”

“दर शनिवारी.”

तिला वाटलं होतं राग येईल. आलं ते वेगळंच. घरातली भिंत आतून ओली आहे हे हात टेकल्यावर कळावं तसं काहीतरी.

“लाज वाटत नाही? म्हाताऱ्या माणसाला चहा पाजून…”

“आतापर्यंत सात शनिवार लिहून ठेवलेत मी,” तो मधेच म्हणाला. “सातही वेळा उलटं झालंय. वर म्हणाले तेव्हा खाली, खाली म्हणाले तेव्हा वर.”

“मग? अंदाज चुकतो त्यांचा. वय झालं.”

“दोनदा चुकला असता तर मीही तेच म्हटलं असतं. तीनदा, चारदा. पण वहिनी, सातपैकी सात चुकायला उत्तर नीट माहीत असावं लागतं.”

नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला. उपासनाने वळून बघितलं. बाबा जाकिटाच्या बाहीला हात पुसत होते.

“कधी कळलं तुम्हाला?”

“पाचव्या शनिवारी.”

मग तिच्या लक्षात आलं. पाचव्या शनिवारपासून या माणसाला फक्त बाबांच्या उलट लावायचं होतं. मुकाट्याने सांभाळलेलं गुपित त्याच्या हातात सरळ पडलं होतं, आणि बाबांना त्याचा पत्ताही नव्हता. आज तर फायनल.

“आज काय लावणार तुम्ही?”

रवींद्रने फोन खिशात घातला. “ते टॉसच्या आधी सांगत नाहीत,” तो म्हणाला. मग जरा थांबून, दुसरंच काहीतरी आठवल्यासारखं, “सकाळी साडेसहाला मिस्ड कॉल देतात काका. मी उठलो का बघायला.”

बाबा जवळ आले. तिला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“आली का तू? चहा घे थोडा. रवींद्र, तू थांब मॅचले. मी जातो हिच्यासंगं.”

 गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, “बाबा, रोज सकाळी पंचशील म्हणता. त्यातलं चौथं काय?”

“खोटं बोलू नये.”

“आणि शनिवारी?”

बाबांनी चावीच्या दातांतली माती नखाने काढली आणि खाली न टाकता तळहातावर धरली. “पहिल्या दिवशी त्यानं इचारलं, काका, कशी आहे विकेट. नसतं सांगतलं त थो यायचा बंद झाला असता. खरं सांगतलं असतं त मीच बंद पडलो असतो.” ते खिडकीबाहेर बघू लागले. “इथं दिवसभर कोन बोलते मायाशी? तुम्ही दोघं कामावर.”

“त्याला कळलंय बाबा. तुम्ही उलटं सांगता ते.”

“ठाऊक आहे मले. पाचव्या शनवारी लिवता लिवता हासला थो.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

“मग आज तो उलट लावून जिंकला तर?”

“त मंग मले समजन,” बाबा म्हणाले, “थो कायले येत होता.”

घरी आल्यावर त्यांनी बूट दाराशी काढले आणि मागच्या लाकडी डेकवर खुर्ची टाकून बसले. उपासनाने उपमा केला. त्यांनी अर्धा खाल्ला आणि बशी बाजूला ठेवली. सोसायटीच्या क्रिकेट ग्रुपवर धावा येत होत्या. चाळीसवर दोन. पंच्याहत्तरवर पाच. माती हळूहळू बोलायला लागली होती. बाबांनी फोनकडे एकदाही पाहिलं नाही, पण तो वाजला की त्यांचा अंगठा गुडघ्यावर थांबायचा.

ते जाकीट त्यांनी एवढ्या उन्हातही काढलं नव्हतं. उपासनाला तो प्लास्टिकचा दोरा आठवला. नवीन आणून “मला होत नाही” म्हणणारा माणूसही खोटंच बोलला होता.

पावणेबाराला ऊन डोक्यावर आलं. फोन वाजला. सर्व बाद एकशे सत्तावीस. खाली लगेच दुसरा मेसेज, हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेसकट. तिने तो दोनदा वाचला.

“काय म्हनते?” बाबांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा बारीक.

“‘खाली’वाले सगळे जिंकले. ‘वर’ एकट्यानेच लावलं होतं.” ती थांबली. “रवींद्रने.”

“हारला?”

“हरले.”

बाबांनी पाठ खुर्चीला टेकली. गुडघ्यावरचा अंगठा सुटला. उरलेल्या उपम्याची बशी त्यांनी परत मांडीवर ओढली.

“मंग येते थो शनवारी,” ते म्हणाले.

उपासना आत आली. चमच्यांच्या खणातून तिने पुडी काढली आणि खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत उलटी केली.

“पानी बेतानं घालजो त्याले,” डेकवरून बाबांचा आवाज आला. “धरून ठेवते ते माती.”