वरच्या पातीतली चीर

न्यूझीलंडमधल्या तारारुआच्या डोंगरात लाल हरणांचे नर ओरडायला लागले की शिकारीचा मोसम सुरू होतो. इथले लोक त्याला नुसतं ‘रोअर’ म्हणतात. यंदाच्या रोअरला नीलांबरी नवऱ्यानं, मोहननं, हिवाळाभर खपून तासलेलं हिकरीच्या लाकडाचं धनुष्य नेणार होती.

शनिवारी पोरिरुआच्या घरी गराजमध्ये तिनं दोरीला मेण चोळलं, दोरी चढवली आणि कापसाचा बोळा लाकडावरून हलकेच फिरवला. कुठे चीर असेल तर कापूस अडकतो. वरच्या पातीवर, म्हणजे मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागावर, तो अडकला. नखानं चाचपलं, तर केसाएवढी रेघ.

“मोहन, हे बघ.”

त्यानं चष्मा वर करून पाहिलं. “वरवरचं आहे गं. सुपरग्लू सोडतो आणि दोरा गुंडाळतो. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास.”

“आणि नसलं वरवरचं तर?”

“मग मी ओढून दाखवतो.” त्यानं धनुष्य उचललं.

नीलांबरी हॉस्पिटलात नर्स होती. लाकडाची चिप डोळ्यात घुसलेला एक माणूस तिनं पाहिला होता. ती मोहनच्या समोर जाऊन उभी राहिली.

“बाजूला हो, नीला.”

“नाही होणार. हातात धरून ओढायचं नाही. भिंतीला लाव, आपण लांबून दोरखंडानं ओढू.”

“माझ्या कामावर तुझा एवढाही विश्वास नाही?”

ती जागची हलली नाही. शेवटी त्यानं चिडूनच धनुष्य भिंतीवरच्या खुंटाला अडकवलं. दोरीला दोरखंड बांधला, भिंतीच्या तळाशी बसवलेल्या कप्पीतून घेतला आणि दोघं गाडीच्या आड गेली. मोहन हळूहळू ओढू लागला. पाती वाकत गेल्या. तिला आपला श्वास ऐकू येत होता.

टिक्.

“थांब,” ती म्हणाली.

तो थांबायच्या आतच कडाड् झालं. दोरखंड एकदम सैल पडला आणि मोहन मागच्या मागे कोसळला. वरच्या पातीचा हातभर तुकडा समोरच्या जिप्समच्या भिंतीत घुसला होता. मघाशी मोहन धनुष्य उचलून उभा होता, तेव्हा तो तुकडा बरोबर त्याच्या चेहऱ्याच्या उंचीला आला असता.

जमिनीवर बसल्या बसल्याच मोहन म्हणाला, “सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा मी मागच्या अंगणात थोडे बाण मारले होते.”

“असा टिक् आवाज आला होता?”

“आला होता. मला वाटलं, दोरीचा असेल.”

तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

पुढच्या आठवड्यात ती तिरंदाजीच्या क्लबातलं धनुष्य मागून घेऊन डोंगरात गेली. मोहन गाडीपाशीच थांबला. दुपारी नेच्यांमधून एक नर इतका जवळ आला की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. वारा नराकडून तिच्याकडे वाहत होता, त्याला तिचा वास लागणार नव्हता, बाण चढवलेला होता. तिनं दोरी गालापर्यंत ओढली.

लाकूड किंचित करकरलं. बहुधा सगळीच धनुष्यं करकरतात.

तिनं डोळे मिटून घेतले आणि दोरी अगदी सावकाश, श्वास रोखून, परत सोडत आणली. डोळे उघडले तेव्हा नर अजून तिथेच उभा राहून तिच्याकडे पाहत होता, आणि तिला दुसऱ्यांदा ओढायचा धीर होत नव्हता.