पिवळ्या रेघा

"दाब."

"दाबलंय."

"धर."

"धरलंय. आणि चहा गार होतोय, तेही सांगून ठेवते."

क्लिफर्ड टास्कर पुढच्या डाव्या चाकाच्या जागी कुशीवर आडवा झाला होता. चारही चाकं काढून भिंतीशी लावली होती आणि छत उतरवलेली ती लहानशी हिरवी गाडी लोखंडी घोड्यांवर, अंघोळीसाठी कपडे काढलेल्या पोरासारखी, अवघडून उभी होती. क्लिफर्डने पान्याने ब्रेकचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, किंचित सैल केलं. बारीक नळीतून ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत उतरले. मग निपल आवळून तो म्हणाला, "सोड."

चालकाच्या आसनावर बसलेल्या हेझेलने, त्याच्या मुलीने, पाय उचलला.

ब्रेकमधली हवा काढायची तर माणसं दोन लागतात, आणि या शेडमध्ये ती दोन नेहमी हीच असत. हेझेलचे पाय पुरत नव्हते तेव्हा तिच्या पाठीशी उशी ठेवावी लागे. एकदा कुंपणापलीकडून शेजाऱ्याने हाक मारली, क्लिफर्ड उठून गेला आणि 'सोड' म्हणायचं विसरला. परतला तेव्हा पोरीची मांडी थरथरत होती, पण पेडल खालीच होतं. "तू म्हणालाच नाहीस," ती रडवेली होऊन म्हणाली होती. दर नाताळात ही गोष्ट निघे, आणि दर वेळी शेजाऱ्याच्या गप्पा थोड्या लांबत.

उद्या गाडी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर न्यायची होती. तिथे शर्यत नसते. वेळ मोजताना कुणी दिसला तर त्याला सरळ घरी पाठवतात. आपापली गाडी घेऊन जायचं आणि दिवसभर मनसोक्त पळवायची, एवढंच. धावपट्टीच्या टोकाला मात्र एक आखूड डावं वळण होतं. तिथे सगळा जीव ब्रेकवर सोपवावा लागे. गेल्या शरद ऋतूपासून गाडी हेझेलच चालवत होती. आपले गुडघे गेले, असं क्लिफर्डने तिला सांगितलं होतं.

"दाब."

"दाबलंय."

"धर."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "बंद केलं."

"डॅड, पेडल खाली जातंय."

"जाणार नाही. बंद केलंय मी."

"पाय माझा आहे ना? हळूहळू खाली चाललंय."

"बुटाला शेण लागलं असेल कुठल्या तरी गोठ्यातलं. घसरत असेल."

"टपाल वाटायचे, पोस्टाचे बूट आहेत हे. कुत्रा लोंबकळला तरी घसरत नाहीत."

हेझेल उतरून समोर आली आणि खाली बसली. निपलमधून ऑइल झिरपत होतं. पान्यावरून, बोटांच्या बेचक्यांतून ते मनगटापर्यंत ओघळलं होतं, आणि क्लिफर्ड शांतपणे तिच्याकडे बघत होता.

"हात बघ तुझा," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती, आणि ती ओली आहेत हे त्याला डोळ्यांनीच कळलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डॅड."

"गेल्या हिवाळ्यापासून. आधीपासूनही असेल." तो उठून बसला. "कारखान्यातली ती यंत्रं. जन्मभर हातात थरथरत होती, आता हातच गप्प झाले. गेलेल्या नसा परत येत नाहीत, म्हणाला डॉक्टर."

"आणि गुडघे?"

"ठणठणीत आहेत."

तिला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. तिची नजर ब्रेकच्या मोठ्या बोल्टवर गेली होती. बोल्टच्या डोक्यावरून धातूवर उतरलेली एक पिवळी रेघ होती, सरळ आणि बारीक. बोल्ट आवळून झाला की क्लिफर्ड अशी रेघ ओढत असे. रेघ ओढली म्हणजे तो बोल्ट एका माणसाने आपल्या शब्दावर घेतला. कारखान्यात त्याची रेघ असली की पुढचा माणूस तिथे हात लावत नसे. काल आणि परवा त्याने या गाडीला अशा कितीतरी रेघा ओढल्या होत्या.

"हा घट्टच असेल," हेझेल म्हणाली.

"लाव पाना."

"असू दे ना."

"लाव म्हणतो मी."

तिने पाना लावला. विशेष जोर न करताच बोल्ट फिरला आणि रेघेचे दोन तुकडे झाले.

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. हेझेलने पाना जमिनीवर ठेवला.

"उद्याचं रद्द करू या," ती हळू आवाजात म्हणाली. "पुन्हा कधी जाऊ."

त्या हळू आवाजाचीच त्याला हिवाळाभर भीती वाटत होती. आजाऱ्याच्या उशाशी माणसं जसं बोलतात, तसा तो आवाज होता. उद्याचं वळण त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि वळणाकडे पूर्ण वेगाने निघालेली ही मुलगी.

"रद्द कशाला? फळीवरची ती लाल पेटी काढ."

पेटीत टॉर्क रेंच होता. हवा तेवढा बोल्ट आवळला गेला की कट् असा आवाज करणारा. हेझेलने नाताळात दिला होता. पेटीची दोरीही अजून सुटली नव्हती.

"हे हाताचा अंदाज नसलेल्या बँकवाल्यांचं हत्यार आहे म्हणाला होतास."

"म्हणालो असेन. तू पोस्टवाली आहेस, तुला चालेल."

मग त्याने फडक्यावर स्पिरिट ओतलं आणि स्वतःच्या रेघा पुसायला घेतल्या. एकेक रेघ. त्या कामाला ही बोटं पुरत होती. हेझेल "मी पुसते" म्हणाली नाही, याबद्दल त्याला मनातून तिचे आभार मानावेसे वाटले. तो पुसत पुढे जाई, आणि मागून कट्, जरा थांबून पुन्हा कट्, असा आवाज येत राही. गाडीच्या चारही बाजूंनी ती दोघं अशी फिरली.

शेवटी पुन्हा ब्रेक उरले. क्लिफर्ड चालकाच्या आसनावर जाऊन बसला. आसन तिच्या मापाने पुढे सरकवलेलं होतं. त्याचे ठणठणीत गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"मागे घे ना आसन," ती खालून म्हणाली.

"राहू दे. उद्या तुलाच बसायचंय."

"बरं. दाब."

"दाबलंय."

"धर."

"धरलंय."

"सोड."

तिचा आवाज पहिल्यांदा जरा बिचकता होता. तिसऱ्या चाकापर्यंत तो सरावला. पेडल हळूहळू वर येत गेलं, आणि अखेर त्याच्या तळव्याखाली दगडासारखं टणक झालं. पायाला सगळं समजत होतं.

"आता धरून ठेव," हेझेल म्हणाली. "कुठे गळतंय का बघते."

ती टॉर्च घेऊन चाकामागून चाक बघत गेली. मग रंगाच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"डॅड, रेघ वाकडी आली तर चालेल?"

"तुझी आहे ना? मग चालेल."

बराच वेळ ती मागे काहीतरी करत राहिली. मग कप उचलल्याचा खणखणाट झाला आणि तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. चहा केव्हाच गार झाला होता.

'सोड' असं तिने म्हटलं नव्हतं. क्लिफर्डने पाय हलवला नाही.