तिसऱ्या पंपाची थरथर

"डोळे मिटा," असं बायकोनं पाटीवर लिहिलं आणि पाटी मिस्त्रींच्या नाकापुढं धरली.

मिस्त्रींनी मुकाट्यानं डोळे मिटले. चोरी पकडली गेली होती. आठवडाभर ती शिवणयंत्राचा एखादा स्क्रू ढिला करून यंत्र चालवायची आणि मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ हनुवटीच्या हाडाला लावून दोष सांगायचे. दहापैकी दहा बरोबर. मग तिच्या ध्यानात आलं, की स्वारी सगळं आपल्या तोंडाकडे बघून ओळखतेय. मिटल्या डोळ्यांनी आज दहापैकी दोन.

इस्पितळाच्या पंपघरात तीस वर्षं हीच मूठ कानाला लावून त्यांनी पंपांची दुखणी ओळखली होती. तापानं दोन्ही कान कायमचे नेले. साहेबांनी सहा महिन्यांची मुदत दिली: पंप पूर्वीसारखे ओळखता आले तर पंपघर, नाहीतर भांडाराची खिडकी. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र कागदावर लिहून समजावलं होतं, की मेंदूतली ऐकण्याची खोली ओस पडत नाही. अंगाला कळणारी थरथर हळूहळू तिथं बिऱ्हाड मांडू शकते. सराव मात्र रोजचा हवा.

"म्हणजे भाडेकरू येईपर्यंत दिवा लावून बसायचं," मिस्त्री म्हणाले होते.

आणि ते बसले. रोज पहाटे, अंघोळीआधी तासभर. सुरुवातीला सगळं एकच लागायचं, हाडावर मुंग्यांची रांग चालल्यासारखं. दोनदा तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर कोपऱ्यात भिरकावला. बायकोनं तो दोन्ही वेळा पुसून परत हातात दिला. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ढिल्या स्क्रूची थरथर घासात खडा यावा तशी वेगळी लागली. मिस्त्री जागचे हलले नाहीत. पुन्हा चालव, एवढीच खूण केली.

मुदतीच्या दिवशी साहेब आणि नवा फिटर पंपघरात उभे होते. तिन्ही पंप चालू होते. फिटरनं मीटर दाखवले. कुठंच खोट नव्हती. मिस्त्रींनी आपणहून डोळे मिटले आणि एकेका पंपाला टोक लावलं. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबले.

"याचं मागचं बेअरिंग. आठवडा काढेल फार तर."

फिटर गालात हसला. साहेबांनी पंप उघडायला लावला. बेअरिंगच्या एका गोळीवर मोहरीएवढा खड्डा पडला होता.  साहेबांनी पंपघराची किल्ली मिस्त्रींच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी बायको देवापुढं बसून नेहमीचं भजन म्हणत होती. मिस्त्री मागं येऊन बसले आणि तिच्या पाठीवर त्यांनी तळहात टेकला. तिचा आवाज काही आला नाही. तो आता येणार नव्हता. हातापर्यंत जे आलं, ते मिस्त्री मिटल्या डोळ्यांनी घेत राहिले.

"तिसऱ्या ओळीत अजून मध्येच श्वास घेतेस," ते म्हणाले.

ती थांबली. पदरानं डोळे टिपून तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.