क्लागेसबाईंची चौसष्ट नाणी

क्लागेसबाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्या नाण्यांच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवला आणि न विचारताच खुर्चीत बसल्या. सकाळपासून असे चार डबे मी तपासले होते. हा पाचवा.

"चौसष्ट आहेत," त्या म्हणाल्या. "युरो येण्याआधीची, दहा जर्मन मार्कची, चांदीची, आरशासारखी. नवीन निघालं की माझा नवरा, एवाल्ड, टपालाने मागवायचा. म्हणायचा, माझ्यामागे तुला उपयोगी पडतील. मला तेराशे युरो हवेत. त्याच्या कबरीची जागा भाड्याची, पंचवीस वर्षांची मुदत संपतेय. ऑक्टोबरच्या आत पुढच्या वीस वर्षांचे भरले नाहीत, तर दगड काढून जागा सपाट करतील."

मी पहिलं नाणं भिंगाखाली धरलं. तिरक्या उजेडात सगळीकडे गोल गोल, बारीक चरे दिसले. दुसऱ्यावर तेच. अकराव्यावरही तेच.

"ही वेष्टणातून काढली होती का?"

"म्हणजे काय! प्लास्टिक पिवळं पडलं होतं. दर वसंतात पडदे धुवायला काढले की हीसुद्धा पुसायची, चमच्यांचं पॉलिश लावून. काळी पडू देऊ? लोक काय म्हणतील?"

टांकसाळीतून निघालं तसंच नाणं संग्राहकाला हवं असतं, हे मी त्यांना समजावलं. घासलं की थोडा धातू जातो, चरे उरतात. आता फक्त चांदीची किंमत. नाण्यामागे आठ युरो.

मागच्या टेबलावरून दुकानाचे मालक ब्राकेल म्हणाले, "बाई, या गावात बटाटे कमी आणि ही नाणी जास्त आहेत."

क्लागेसबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "म्हणजे मी पुसली म्हणून सगळं गेलं."

मी दमले होते, पण चुकीचा निष्कर्ष मला सोडवत नाही. "नाही हो. न पुसता आणली असती तरी फार तर दहा मिळाले असते. लाखांनी पाडली होती, आणि घराघरात प्रत्येकाने जपून ठेवली."



"म्हणजे तो एवढी वर्षं उगीचच..." त्या थांबल्या. "नाही, पोरी. पुसल्यामुळेच गेलं. तसंच राहू दे."

"पण हिशोबाने..."

"तुझा हिशोब ठेव तुझ्यापाशी. मला काय कुणी रागवायला येणार नाही. पण तो मूर्ख होता, हे या वयात ऐकून मी काय करू?"

ब्राकेलनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बरं," मी म्हणाले. "पुसल्यामुळे."

मी एकेक नाणं वजन करून बाजूला ठेवलं. पाचशे बारा युरो झाले.

"वीसपेक्षा कमी वर्षांचे भरता येतात का हो?" त्यांनी ब्राकेलना विचारलं.

"येतात की. आईच्या कबरीचे मी पाच-पाच वर्षांचे भरतो."

वर्षाला पासष्ट. मी भागाकार केला. "सात वर्षं होतात. वर सत्तावन्न उरतात."

"मी शहाऐंशीची आहे. सात पुष्कळ झाली." त्यांनी नोटा पर्समध्ये ठेवल्या आणि काउंटरचा आधार घेत उठल्या. "उरलेल्याची कबरीवर लावायला बेगोनियाची रोपं घेईन. तेवढं वाकता येतं अजून."