खालची बाजू वर

यात्रा रद्द झाल्याची नोटीस मलाच लिहायला सांगितली होती, आणि यात्रा माझ्याच गावची होती. कन्नडमधली नोटीस सकाळीच तयार झाली होती. मराठीसाठी ओमकार सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "साईराज, तुमचं मराठी चांगलं आहे." सहा वर्षांत या माणसाने पहिल्यांदा माझं कौतुक केलं, तेही असल्या कामासाठी.

ओमकार सर म्हणजे बेळगावजवळच्या जांबोटीच्या जंगलातल्या आमच्या अणुसंशोधन केंद्राचे संचालक. माणूस हुशार, पण कागदाबाहेर पाऊल टाकणार नाही. मी तिथला शास्त्रज्ञ. चार फूट जाडीच्या काचेपलीकडे एक बंद खोली आहे, तिथे माणूस जाऊ शकत नाही. तिथले यांत्रिक हात अलीकडून चालवायचे, हे माझं काम. आणि शिरगुंजी हे माझं गाव केंद्रापासून जेमतेम चार किलोमीटरवर.

शिरगुंजीची लक्ष्मी यात्रा सव्वीस वर्षांनी भरत होती. उद्या सकाळी देवीच्या लग्नाच्या अक्षता होत्या. गावातलं एकही घर रंगवायचं राहिलं नव्हतं, दारोदारी मांडव पडले होते आणि गावच्या लेकी माहेरी यायला लागल्या होत्या. त्यातली सगळ्यात थोरली माझी मनुआत्या. वय अठ्ठ्याहत्तर, दिली सावंतवाडीकडे. मागच्या यात्रेला तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला येता आलं नाही. तेव्हापासून ती या यात्रेची वाट बघत होती. "ही चुकली तर पुढचीला मी आसनार व्हय रं?" असं ती फोनवर हसत म्हणाली होती. मला काही हसू आलं नाही. आज सकाळी ती गाडीत बसली होती.

आणि इकडे काचेपलीकडे ती वस्तू तापत होती.

भोपळ्याएवढी, काळी, एका बाजूने सपाट आणि त्या सपाट बाजूवर बारीक खाचा. वनरक्षकाला ती ओढ्यात सापडली. ती पृथ्वीवरची नव्हती. तिच्यातल्या धातूंचं प्रमाण आपल्या सूर्यमालेत कुठेच जुळेना, आणि खाचा कुणीतरी मापात पाडल्या होत्या. तिच्यातून न्यूट्रॉन बाहेर पडत होते, म्हणून ती आमच्याकडे आली. दिल्लीच्या समितीचं पत्रही मागोमाग आलं: पुढील आदेशापर्यंत वस्तू हलवू नये. पाच दिवस ती गप्प पडून होती. परवापासून तापायला लागली आणि तापेल तसे न्यूट्रॉन वाढायला लागले.

दोनशे अंशांच्या पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गणितातलं सगळ्यात वाईट उत्तर असं होतं की डोंगर जाईल, आणि डोंगरावर आम्हीच होतो. म्हणून ठरलं की आकडा दोनशेवर गेला की अकरा गावं रिकामी करायची. बस तयार ठेवल्या होत्या, नोटिसाही आधीच लिहून ठेवायच्या होत्या. दुपारी बाराला आकडा होता एकशे चौऱ्याऐंशी.

आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. पाणी मारत होतो. पाण्याने न्यूट्रॉनचा जोर उलट वाढतो, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. म्हणून आम्ही त्यात न्यूट्रॉन शोषून घेणारं बोरॉन कालवलं होतं. एवढं शहाणपण करूनही पाणी मारलं की आकडा दोनाने वर जायचा. मग आम्ही आणखी पाणी मारायचो. पदव्या खूप झाल्या की माणसाचं असं होतं.

डॉक्टर त्रिशला बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. ही निपाणीची, तंबाखूच्या वखारवाल्या आप्पांची मुलगी. आमच्यात सगळ्यात कमी बोलणारी आणि बोलली की टोचणारी.

"वरून किती आहे?" तिने विचारलं.

"चाळीस."

"आणि बुडाला?"

"एकशे शहाऐंशी."

"चल बाहेर," ती म्हणाली.

फोन आत नेता येत नाहीत, ते फाटकापाशी कपाटात ठेवावे लागतात. मी माझा काढला तर त्यावर आत्याचा निरोप होता: गाडी आंबोलीला थांबली आहे, मी भजी खाल्ली. त्रिशलाने तोवर वखारीत फोन लावून मालुबाईंना बोलवायला सांगितलं होतं आणि फोन स्पीकरवर ठेवला होता. मालुबाई त्यांच्याकडे चाळीस वर्षं तंबाखूचे ढीग सांभाळतात. आमच्या कामातलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही असा नियम, त्यामुळे त्रिशलाने नियम पाळला.

"मालुबाई, एक ढीग हाय. वरनं गार, बुडातनं तापतोय. काय करायचं?"

"कुठला ढीग? वखारीतलं तर समदं मी सकाळीच बघिटलंय."

"माझ्या हापिसात हाय."

"सरकारी हापिसात तंबाखू घातलीसा?" मालुबाईंचा आवाज चढला. "आप्पांस्नी ठावं हाय का?"

"ते राहू दे. आम्ही पाणी मारलं, तर जास्तच तापाय लागलाय."

"पाणी कुणी मार म्हणून सांगिटलं?" मालुबाई म्हणाल्या, आणि मी आपोआप मान खाली घातली. "तापल्या ढिगावर पाणी मारत्यात व्हय? आतनं कोंडलंय त्ये. उलथा की त्याला. खालची बाजू वर घ्या, वारं लागू द्या. आनि आईक, उलथल्यावर आधी वाफ निघती. लई निघती. त्यावेळी भिऊन परत झाकशीला तर आग लागंल. दम धरायचा. मग बसतंय."

"कितींदा उलथायचं?"

"हाताला चटका बसाय लागला की. त्यात काय इचारतीस? वखारीत वाढलीस न्हवं?"

आत येऊन त्रिशलाने सरांना सांगितलं की वस्तू उलटी करायला हवी. सरांनी समितीचं पत्र पुढे केलं.

"हलवू नये असं स्पष्ट लिहिलंय."

"पाणी मारावं असं कुठे लिहिलंय, सर?"

"तसं नाही लिहिलेलं."

"मग ते कसं मारलं?"

सरांनी पत्र पुन्हा वाचलं, जणू मधल्या वेळात त्यात एखादी ओळ वाढली असेल. "तुमच्या माहितीचा आधार काय?"

"निपाणीतल्या एक तज्ज्ञ आहेत. चाळीस वर्षांचा अनुभव."

"कुठल्या संस्थेत?"

"खासगी," त्रिशला म्हणाली. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"खाचा खाली आहेत, सर," मग मी म्हणालो. "नीट बसावी म्हणून मीच तिला सपाट बाजूवर ठेवली होती. त्या खाचांतून ती ऊब बाहेर टाकत असेल, तर आपण तिचं तोंडच दाबून धरलंय. आणि वरून पाणी मारून जी थोडी वाट उरली होती तीही बंद केली."

हे बोलताना मला माझीच लाज वाटली. लहानपणी आईने चुलीवरच्या तव्यावरची भाकरी कितीदा माझ्या देखत उलटली असेल, आणि मी दोन दिवस त्या चढत्या आकड्याकडे बघत बसलो.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. आकडा एकशे एक्क्याण्णव होता. त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. "करा. पण दोनशे झाले की मी बस सोडणार. मग माझ्याशी कुणी वाद घालायचा नाही."

मी यांत्रिक हातांच्या मुठी धरल्या. ती वस्तू दिसते त्यापेक्षा तिप्पट जड होती. एक हात तिच्या कडेखाली सरकवला, दुसऱ्याने मागून आधार दिला आणि एक एक बोट वर घेत गेलो. अर्ध्यावर ती घसरली आणि मी मुठी आवळल्या. मग ती डोलली, वळली आणि पाठीवर पडली. खाचा वर आल्या.

आकडा चढायला लागला. एकशे चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. काचेपलीकडे सगळं धूसर झालं, कारण आम्ही मारलेलं पाणी खाचांतून वाफ होऊन बाहेर पडत होतं. एकशे अठ्ठ्याण्णव. सरांनी फोनचा रिसीव्हर उचलला. मला सरळ दिसत होती ती आत्या बेळगावला बदलणार होती ती गाडी, तिच्यात मांडीवर पिशवी घेऊन बसलेली आत्या, आणि रस्त्यात तिला उतरवून परत पाठवणारा पोलीस. मी घाबरलो होतो, उगाच कशाला लपवू? हात आपोआप मुठींकडे गेले, तिला परत पालथी घालायला.

त्रिशलाने माझं मनगट धरलं. "दम धरायचा म्हणाल्यात मालुबाई."

एकशे नव्व्याण्णव. तो आकडा तिथे किती वेळ राहिला मला सांगता येणार नाही. मग तो एकशे अठ्ठ्याण्णव झाला. सरांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. एकशे नव्वद. एकशे सत्तर. न्यूट्रॉनही उतरायला लागले. एकशे चाळीस झाल्यावर सर खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. सहा वर्षांत हेही पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळपर्यंत आकडा साठवर आला. पुन्हा थोडा चढला की उलटायची, एवढंच काम उरलं. ती वस्तू काय आहे, कुणाची आहे, ते अजून कळलेलं नाही. पण तिला काय हवं असतं ते कळलं, आणि पाहुण्याच्या बाबतीत सुरुवातीला तेवढं पुरतं. मराठी नोटीस मी फाडली. कन्नडवाली त्रिशलाने फाडली आणि मालुबाईंना फोन केला. "बसला का ढीग?" मालुबाईंनी विचारलं, आणि आप्पांना काही सांगणार नाही असं वचनही दिलं.

सकाळची पाळी माझी होती. सरांनी मला मुठींवरून उठवलं. "गावी जा. मला येतं उलटायला. काल तुमचे हात बघून शिकलो."

मी पोचलो तेव्हा अक्षता पडायच्या होत्या. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. मनुआत्या नव्या इरकली लुगड्यात गर्दीच्या मागे अडकली होती आणि टाचा उंचावून पुढच्यांच्या पाठी बघत होती.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "सरकारनं सोडलं म्हनायचं. मला काय बी दिसंना झालंय रं."

मी वाकलो आणि तिला उचललं. काही वजनच नव्हतं तिला. तिने माझ्या खांद्याला धरलं आणि तेवढ्यात अक्षता पडल्या. देवीला उचलून नाचवत, हळद उधळत आमचं होन्नाट, देवीची मिरवणूक, सुरू झालं आणि सगळी गल्ली पिवळी होऊन गेली. आत्या रडत होती आणि हसत होती. मीही रडत होतो, पण हळदीत ते कुणाला कळलं नाही.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

ती बराच वेळ बघत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मांडवांत, गच्च्यांवर, झाडांवर चढून बसलेल्या पोरांपर्यंत.

"समदी हायत रं," ती म्हणाली. "कोन बी कुठं गेल्यालं न्हाय."

"व्हय आत्या," मी म्हणालो. "समदी हायत." आणि तिचे पाय खाली टेकू न देता मी तिला तशीच धरून उभा राहिलो.