सोळा फुटांची पाणंद

निरवांगीच्या संभाजीतात्यांनी आयुष्यात कुणाची काडी चोरली नाही. ते फक्त दरवर्षी नांगरट करताना पाणंदीकडं वीतभर सरकत.

पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या रानांमधून वस्तीवर जाणारी गाडीवाट. पलीकडून झुंबरराव तेवढेच सरकत, कारण शेजारधर्म म्हणून काही असतो. एके काळी तिथून दोन बैलगाड्या एकमेकींना न घासता जायच्या. आता मोटारसायकल जायची, तीही आरसे मिटून. तोडीच्या वेळी उसाचे ट्रॅक्टर फडातूनच बाहेर निघत, त्यामुळं अडचण फारशी जाणवत नसे. जाणवलीच, तर सगळे मिळून सरकारला शिव्या देत. या बाबतीत वस्तीवर पूर्ण एकी होती.

"अवं, यंदा तरी नांगर जरा अलीकडं ठेवा," तात्यांच्या पत्नी जयवंताबाई दर उन्हाळ्यात म्हणत. "डोक्यावरचा वैरणीचा भारा दोन्हीकडच्या उसात अडकतोय, आन् मी मधी लटकल्यावानी."

"मग भारा बारीक बांध," तात्या सांगत.

भाद्रपदातला एक रविवार होता. बारामतीला कॉलेजात शिकणारी नात, संस्कृती, सुट्टीला घरी आली होती. दुपारी ओट्यावर बसून ती मोठ्यानं पाठ करत होती, "आरंभी राज्य नव्हतं. प्रत्येकाला सगळ्यावर हक्क होता, म्हणून कुणालाच कशाची शाश्वती नव्हती. मग लोकांनी आपापसांत करार केला. प्रत्येकानं आपला थोडा हक्क सोडला आणि त्यातून राज्य जन्माला आलं."

"सह्या कुठं हायत त्या कराराच्या?" तात्या हसले. "आपणहून हक्क सोडणारा माणूस मी तरी बघितला न्हाय, बाय."

"मी बघितलाय," कोपऱ्यातून आवाज आला. तात्यांची चुलती साखरबाई शेंगा फोडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, जीभ विशीतली. "तुझा बाप! मी नवी नवरी हुते तवा. हितं वाटच नव्हती. ज्याच्या त्याच्या रानातनं जायचं आन् ज्याच्या त्याच्या शिव्या खायच्या. एकदा तर कुऱ्हाडी निघाल्या. मग तुझ्या बापानं आन् झुंबरच्या बापानं खंडोबाचा बेल-भंडारा उचलून शपथ घेतली. ह्यानं आठ फूट सोडलं, त्यानं आठ फूट. कागद न्हाय, सही न्हाय. पोरीच्या पुस्तकात ह्याच्याहून येगळं काय लिवलंय?"

"ती जुन्या काळाची गोष्ट, काकी. आता सरकार हाय. रस्त्याचं सरकार बघंल."

"सरकार म्हंजे तरी काय रं, संभा? सगळ्यांनी सोडलेलं आठ-आठ फूट! ज्यानं त्यानं आपलं माघारी घेतल्यावर सरकारनं उभं ऱ्हायचं कुठं?"

तात्यांनी चहा मागितला.

चहा आला नाही. आत भांडं पडलं. संस्कृती धावत गेली आणि आजोबांना हाक मारत किंचाळली, "आबा!" जयवंताबाई छातीवर हात दाबून भिंतीला टेकल्या होत्या. अंग घामानं भिजलं होतं.

ज्या सरकारला तात्या रोज शिव्या देत, त्याची अँब्युलन्स वीस मिनिटांत आली. पाणंदीच्या तोंडाशी आली आणि थांबली. ड्रायव्हरचा फोन आला, "काका, गाडी आत शिरत न्हाय. दुसरी वाट सांगा."

दुसरी वाट नव्हती. होती ती एकच, आणि ती तात्यांच्या आणि झुंबररावांच्या उसाखाली होती.

मग जयवंताबाईंना बाजेवर घातलं. तात्या पुढं, झुंबरराव मागं. पाऊण किलोमीटर. बाज उसात अडकायची, तिरकी करायची, ओढायची, पुन्हा अडकायची. पात्यांनी हात-तोंड ओरबाडून निघत होतं. अर्ध्या वाटेत जयवंताबाईंनी डोळे उघडले.

"भारा बारीक बांधायला पायजे हुता," त्या म्हणाल्या. त्यानंतर काही बोलल्या नाहीत.

इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." किती आधी, ते तात्यांनी विचारलं नाही. ते त्यांना वितीत माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरून तिरडी निघाली. खांदेकरी पाणंदीत शिरले आणि थबकले. दोन माणसं आणि मध्ये तिरडी, एवढी रुंदी उरलीच नव्हती. कुणीतरी हळूच म्हणालं, "खांद्यावरनं उतरवा. हातात धरून, एकामागं एक चला. डांबरीवर गेलं की देऊ खांदा."

"थांबा!" तात्या ओरडले. "खाली ठेवा तिला. हितंच! जल्मभर तिला वाट दिली न्हाय, आता खांदा तरी मिळू द्या!"

त्यांनी कुणाच्या तरी हातातून कोयता ओढून घेतला आणि स्वतःच्या उभ्या उसावर चालवला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. झुंबरराव मग खाली मान घालून घरी गेले आणि आपला कोयता घेऊन आले. दोघं दोन्हीकडून तोडत राहिले. बाकीची माणसंही कोयते आणून तोडायला लागली, ऊस बाजूला ओढत राहिली. इतकी वर्षं घाईत असलेली वस्ती त्या दिवशी दुपारपर्यंत उभी राहिली, आणि जयवंताबाई आपल्या वाटेची वाट पाहत मध्ये निजून राहिल्या.

त्या गेल्या त्या सोळा फुटांच्या पाणंदीतून, चौघांच्या खांद्यावर.

तेरावं झाल्यावर साखरबाईनं बेल-भंडाऱ्याचं ताट पुढं ठेवलं. तात्यांनी आणि झुंबररावांनी ते उचललं. संस्कृतीनं दोर धरून आठ-आठ फूट मोजलं. "आबा, सह्या?" तिनं रडत विचारलं. तात्यांनी मान हलवली. "झाल्या, बाय. तुझ्या आजीनं केल्या."

आता पाणंदीतून अँब्युलन्स येते, दुधाची गाडी येते. वैरणीचा भारा घेऊन मात्र कुणी येत नाही. संध्याकाळी तात्या तरीही पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात.

बंधूंनो, भगिनींनो, राज्य एकदाच जन्माला येतं आणि कायमचं टिकतं, असा आपला एक गोड समज आहे. ते रोज थोडं जगतं किंवा वीतभर मरतं, आणि ती वीत आपल्याच नांगराखाली असते. आपण सगळ्यांनी जे सोडलं, तेवढंच सगळ्यांचं असतं. तेव्हा यंदा नांगर जरा अलीकडं ठेवा. जयवंताबाई हेच सांगत होत्या. दर उन्हाळ्यात.